खरा आमवात

आई,

मला आमवात झालाय. या वेळी खरा.

हे वाक्य कुणाला तरी सांगावं म्हणून गेले कित्येक दिवस मी माणूस शोधते आहे आणि मला ते सापडत नाही. सोसायटीत ही बातमी वीस वर्षांपूर्वीच पोचलेली आहे, तुझ्याच तोंडून. कॉलेजच्या लायब्ररीत मी अजून काम करते, तिथेही सगळ्यांना ठाऊक आहे. परवा शिक्का मारताना माझ्या हातून तो निसटला, तर नवीन मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं नेहमीचंच ना? राहू दे, मी मारते." नेहमीचंच. तिला काय सांगू की बाई गं, हे पहिल्यांदाच आहे? पहिल्यांदाच आहे हे कळणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणून तुला लिहिते. सकाळी बोटं वळत नाहीत, दुपारनंतर जरा सुटतात, तेव्हा लिहिते. अक्षर वाईट आलंय, त्यावरून बोलू नकोस.

तो दिवस तुला आठवत असेल. ह्यांना जाऊन महिना झाला होता. वारज्याच्या घरून सासरच्यांनी माझी बॅग रिक्षात घालून मला तुझ्याकडे कर्वेनगरला पाठवलं होतं, आणि तू मला तपासणीला घेऊन गेली होतीस. रिपोर्ट हातात घेऊन आपण दोघी परत आलो. मी एकतीस वर्षांची, तू शाळेतून रजा घेतलेली, गळ्यात चुकून तशीच राहिलेली शिट्टी. रिक्षात आपलं काहीच ठरलं नव्हतं. जिन्यात समोरच्या काकू कचऱ्याचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" मला वाटलं आता सगळं संपलं. आणि तू एक पायरीसुद्धा न थांबता म्हणालीस, "आमवात." काकू म्हणाल्या, "संधिवात का? एवढ्या तरुण वयात?" तू म्हणालीस, "संधिवात नाही. आमवात. तो कुठल्याही वयात होतो." आणि कुलूप उघडलंस. मुलींच्या शाळेत तीस वर्षं पीटी शिकवलेल्या बाईचा आवाज होता तो, त्यावर पुढे कुणी प्रश्न विचारत नाही.

आत आल्यावर मी रडत होते आणि तू चहा टाकत होतीस. मला वाटलं होतं की तो शब्द तुझ्या तोंडून घाईत निघाला. पण नंतर तू मला समजावलंस, गाळणं हातात धरून, वर्गात समजावावं तसं. आजार निवडायचाच तर नीट निवडावा. टीबी म्हटलं तर लोक पेला वेगळा काढतात. कॅन्सर म्हटलं तर दरवर्षी मोजतात, अजून कशी आहे म्हणून. मधुमेह म्हटलं तर घरोघरी आहे, सगळ्यांना गोळ्यांचे रंगसुद्धा पाठ असतात, लगेच पकडतील. असा आजार हवा की ज्याने माणूस मरत नाही, बरंही होत नाही, आणि ज्याची कुणाला किळस येत नाही. "वर दया येते," तू म्हणालीस, "पण लांबून. जवळ येऊन कुणी बघत नाही." तू हे सगळं कधी ठरवलंस, रिक्षात? मला आजही कळलेलं नाही. एवढं मात्र दिसलं की त्या रिपोर्टावरचा शब्द तू त्या दिवशी उच्चारला नाहीस. पुढेही कधी उच्चारला नाहीस. आपल्या घरात एचआयव्हीला 'ते' म्हणत. तेच्या गोळ्या, तेचा नंबर, तेचा गुरुवार.

मग तू माझी तयारी घेतलीस. सदाशिव पेठेतल्या वाचनालयातून आजारांवरचं जाडजूड पुस्तक आणलंस आणि आमवाताचं प्रकरण दोनदा वाचलंस. पहिल्या आठवड्यात मी जिन्यात लंगडले तर तू वर आल्यावर म्हणालीस, "एका पायाने काय लंगडतेस? पाय मुरगळलाय का तुझा? आमवात दोन्हीकडे सारखा असतो." सकाळी जिना उतरताना कठडा धरायचा, संध्याकाळी नाही धरला तरी चालेल, कारण हे दुखणं सकाळी जास्त असतं. पंगतीला खाली बसायचं नाही, खुर्ची मागायची, पण मागताना ओशाळायचं. थंडीत थोडं जास्त दाखवायचं. तू बैठकीच्या खोलीत मला चालायला लावायचीस आणि शिट्टी न वाजवता सूचना द्यायचीस. मला त्या वेळी हसू यायचं, खरं सांगते. नवरा मेला होता, अंगात ते होतं, सासरने टाकलं होतं, आणि माझी आई मला उभं-आडवं चालवून पुस्तकातला आजार बसवून घेत होती. तेवढा अर्धा तास तरी मला मरणाची भीती वाटायची नाही. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तू त्यांच्या बाटलीवरचा कागद भिजवून काढलास आणि वर योगराज गुग्गुळाचा कागद चिकटवलास.

काकूंचं आपण काय करणार होतो? त्यांना दया लांबून करता येत नव्हती. त्यांच्या माहेरी कुणाला तरी आमवात होता, म्हणून सुंठीच्या काढ्यात एरंडेल घेऊन त्या दर रविवारी सकाळी सातला दारात. पेला हातात देऊन समोर बसायच्या, रिकामा होईपर्यंत उठायच्या नाहीत. मी तुझ्याकडे बघायची. तू वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचीस, "घे, गुण येईल." त्या गेल्या की तू दार लावायचीस आणि तोंडात पदर घालून हसायचीस, आणि मी मोरीकडे धावायची. पाच वर्षं चाललं ते. मी तुझ्यावर इतकी चिडायचे, आणि तरी तुला तसं हसताना बघायला रविवारची वाट बघायचे.

एकदाच माझी चूक झाली. सोसायटीचा भोंडला होता, मधोमध पाटावर हत्ती, खिरापतीचे डबे, आणि गाणी संपल्यावर मुलींनी फुगड्या सुरू केल्या. काकूंच्या मुलीने माझा हात ओढला आणि मी गेले. शाळेत मी फुगडीत कुणाला हार जात नसे, तूच शिकवलं होतंस, पाय जवळ आणि अंग मागे. मी तिला गरागरा फिरवली. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. थांबले तेव्हा समोर तू उभी होतीस, आणि तुझा चेहरा पाहून मी तिचे हात सोडले. घरी येऊन तू दार लावलंस आणि म्हणालीस, "आमवाताची बाई फुगडी घालते? चाळीस बायकांसमोर? मी एवढी वर्षं कशासाठी मरते आहे?" मी म्हणाले, दोन मिनिटं विसरले गं. तू म्हणालीस, "तुला विसरायची परवानगी नाही." मग समोर जाऊन काकूंना सांगून आलीस की आज हिने दुखण्याची डबल गोळी घेतली होती, आता दोन दिवस अंथरुणात राहील. मी दोन दिवस अंथरुणात राहिले. तुझं बोलणं मला लागलं होतं, आणि ते बरोबर होतं म्हणून जास्त लागलं होतं.

गुरुवारी आपण सरकारी दवाखान्यातल्या केंद्रावर जायचो. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून रांगेत, तू बाहेर फाटकाशी. पुण्यात तोंड झाकायला कारण लागत नाही, ऊन आहे, धूळ आहे, असं तू म्हणायचीस, आणि खरंच निम्म्या रांगेला स्कार्फ असायचे. आत बायकांचा एक गट जमायचा, महिन्यातून एकदा, नुसतं बोलायला. मला जायचं होतं. तू म्हणालीस, "आणि तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर?" मी नाही गेले. दर सहा महिन्यांनी रक्तातल्या त्या पेशी मोजायचे, अंगाची लढायची ताकद किती उरली आहे ते कळायला, आणि मी बाहेर आले की तू फक्त विचारायचीस, "किती?" नंबर वाढला की तू कोपऱ्यावरून पेरू घ्यायचीस आणि आपण दोघी चालत चालत खायचो. उरलेला अख्खा पेरू तू पिशवीत टाकायचीस, घरी नेऊन काकूंना द्यायला.

तुझा शेवटचा आजार तुला आठवणार नाही, म्हणून सांगते. अर्धं तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हते. काकू रोज डबा घेऊन येत होत्या. एका दुपारी तुझ्या शाळेतल्या दोन जुन्या बाई भेटायला आल्या आणि मी त्यांना स्टूल देऊन उभी राहिले. तू इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्पष्ट बोललीस. "हिला बसायला द्या. आमवात आहे हिला." त्यानंतर तू काही बोलली नाहीस. मला तुझ्याकडून काहीतरी दुसरं हवं होतं, आई. काय ते माहीत नाही, निदान माझं नाव. पण तू ड्यूटीवरच गेलीस. त्या बायकांनी मला बसवलं आणि मी बसले.

पुढे मी ते एकटीने चालू ठेवलं. जिन्यात कठडा, पंगतीला खुर्ची, गुरुवारी स्कार्फ. फाटकाशी कुणी नसायचं. नंबर चांगलाच वाढलेला असायचा, आणि मी तो घेऊन बसने घरी यायची. पेरू एकटीला एवढा मोठा संपत नाही.

मग गेल्या वर्षी, दिवाळीनंतर, एका सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येईना. वाटलं हात आखडला असेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी दोन्ही हात. अंगठी निघेना. मनगटं गरम. आधी मला वाटलं की हे मी मनाने आणलंय. इतकी वर्षं एखादी गोष्ट वठवली की ती अंगात शिरत असेल. मग दुखायला लागलं तसा तो विचार बंद झाला. आणि तुला एक सांगायला हवं, आपण सगळं चुकीचं करत होतो. तू मला गुडघ्यांचा आमवात शिकवलास, खरा बोटांत आला. आपण कठडा धरत होतो. खऱ्या आमवातात कठडा धरताच येत नाही, कोपर टेकून उतरावं लागतं. ओशाळायचं वगैरे काही सुचत नाही, नुसतं चिडायला होतं. तू प्रदर्शनातून बरण्यांची झाकणं उघडायचं ते यंत्र आणलं होतंस, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून ओट्यावर ठेवायचीस. ते मी खालच्या खणातून शोधून काढलं. रबर कडक होऊन तडकलं आहे, तरी चालतं.

केंद्रावरच्या डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी बोटं दाबली, रक्त तपासलं आणि म्हणाल्या की हा आमवात दिसतोय. मी हसले, त्यांना कळलं नाही का ते. मग त्यांनी समजावलं. आपल्या अंगात जी फौज असते ती बाहेरच्या शत्रूशी लढते. त्या विषाणूने तुमची फौज मोडली होती, गोळ्यांनी ती पुन्हा उभी राहिली. पण कधी कधी ती आपलंच घर ओळखत नाही, स्वतःच्याच सांध्यांवर चाल करून जाते. मी विचारलं, हे त्याच्यामुळेच झालं का? त्या म्हणाल्या, "छातीठोक सांगता येत नाही. तुमच्या वयाच्या बायकांना एरवीही होतो. पण तुमच्यासारख्यांमध्येही आम्ही बघतो." म्हणजे ज्या नंबरासाठी आपण इतकी वर्षं पेरू खाल्ले, ती ताकद आता मलाच चावते आहे, कदाचित. रागवायचं तरी कुणावर? त्यांनी सांध्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली, सगळं स्पष्ट लिहिलेली. मी ती पर्समध्ये ठेवली आणि दोन महिने काढली नाही. दुखणं मला दाखवायचं होतं, चिठ्ठी नव्हती दाखवायची.

शेवटी काकूच मला घेऊन गेल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आता, पण बोलण्यात तसूभर फरक नाही. माझे हात बघून म्हणाल्या, "तुझी आई असती तर एवढं अंगावर काढू दिलं नसतं." भाच्याच्या ओळखीतले सांध्यांचे डॉक्टर सदाशिव पेठेत बसतात, तिथे त्यांनी माझा नंबर लावला आणि आत माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "वीस वर्षं झाली. मी स्वतः पाहते आहे."

डॉक्टरांनी माझे दोन्ही हात टेबलावर घेतले. एकेक सांधा अंगठ्याने दाबला. एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग काकूंना म्हणाले, "वीस वर्षं? काहीतरी चुकतंय. वीस वर्षांच्या आमवाताची बोटं अशी सरळ राहत नाहीत. हाडं झिजतात, हात वाकतात. हे फार तर वर्षाचं दुखणं आहे."

"म्हणजे मी खोटं बोलते?" काकू म्हणाल्या.

"तसं नाही. मी फक्त हात काय सांगतात ते सांगतोय."

"हात सरळ राहिले कारण मी पाच वर्षं एरंडेल पाजलंय तिला. तुमच्या पुस्तकात नसेल ते."

डॉक्टर हसले नाहीत, ते मला आवडलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं कुठली औषधं चालू होती?" मी पर्स मांडीवर ओढून घेतली. ते लिहू लागले. मनगटात आज एक इंजेक्शन देऊ, लगेच आराम पडेल. मग एक गोळी, अंगाची प्रतिकारशक्ती थोडी खाली आणणारी. त्याआधी नेहमीच्या तपासण्या, यकृताची, काविळीची, एचआयव्हीची. त्यांनी तो शब्द इतक्या सहज म्हटला की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. काकूंनी मात्र बरोबर ऐकलं होतं. "ती कशाला? चांगल्या घरातली मुलगी आहे. नवरा गेल्यापासून मान वर करून कुणाकडे पाहिलं नाही तिने."

"सगळ्यांचीच करतो, काकू."

"सगळ्यांची करा. हिची नको."

आई, मला त्या क्षणी तुझा राग आला. काकूंचा नाही. त्या माझ्या बाजूने भांडत होत्या, तू त्यांना जे दिलं होतंस तेच धरून. सिरिंज भरायला ट्रे आला होता. मनगटं इतकी ठणकत होती की मी हात पुढे केलाही. गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं असं वाटलं. तपासणी दुसरीकडे करते म्हणून सांगायचं आणि पुन्हा यायचं नाही, हे मला जमतं, मी आधी दोन ठिकाणी केलेलं आहे. पण हात दाबताना त्यांनी ज्या तऱ्हेने दाबले होते, तसं कुणी धरून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. मी म्हणाले, "काकू, जरा बाहेर बसता?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "वीस वर्षांत माझ्यापासून काय लपवलंयस तू?" असं म्हणाल्या, आणि काठी घेऊन उठल्या. दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

आत काय झालं ते सांगायला मला वेळ लागतोय, म्हणून परत येतानाचं आधी सांगते. नळस्टॉपच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा काकू माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आमवात नव्हता ना तुला? इतकी वर्षं?" मी म्हणाले, नव्हता. "आता आहे?" आता आहे. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग एरंडेल उगाचच प्यायलीस." मी हो म्हणाले. "तोंड वाकडं तरी करायचंस एखाद्या वेळी." मी म्हणाले, केलं असतं तर तुम्ही मध घालून आणलं असतं. त्यावर त्या हसतील असं वाटलं होतं. त्या बाहेर बघत म्हणाल्या, "तुझ्या आईचा डबा मी रोज नेला. शेवटपर्यंत. तिने मला बाहेरच्या खोलीतच बसवलं म्हणायचं." जिन्यात मी कोपर टेकून चढले आणि त्या काठी टेकून. दारात त्यांनी मला काही विचारलं नाही. पाच दिवस झाले, समोरचं दार बंद आहे. रविवारही गेला. आतून कुकरची शिट्टी ऐकू येते, तेवढ्यावरून बऱ्या आहेत हे कळतं. रागावल्या आहेत की सगळं समजल्या आहेत, आणि समजल्या असतील तर पेला वेगळा काढणाऱ्यांतल्या आहेत की नाहीत, हे मला सांगता येत नाही. तुला आलं असतं. मला त्यांच्याकडे जायला हवं, हेही मला कळतं.

आता आतलं. दार लागल्यावर मी पर्समधून ती चिठ्ठी काढली, मग तशीच परत ठेवली आणि तोंडाने सांगितलं. मला एचआयव्ही आहे, वीस वर्षं, गोळ्या चालू आहेत, आमवात नुसता लोकांना सांगायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी स्वतः म्हणाले. केंद्रावर म्हणावा लागत नाही, तिथे सगळे त्याचसाठी आलेले असतात. काही झालं नाही, आई. पंखा चालू होता, बाहेर कुणीतरी स्कूटर लावत होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि गोळ्यांची नावं विचारली. मी सांगितली. एका नावापाशी ते थांबले आणि ट्रे बाजूला सारला. म्हणाले, "बरं झालं बोललात. हे इंजेक्शन या गोळीबरोबर चालत नाही. अंगात साचून राहिलं असतं, महिनोन्‌महिने त्रास झाला असता." आमवातावर दुसरी औषधं आहेत, केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून, जपून, देता येतात, तुम्ही एकट्या नाही अशा. मग म्हणाले, "आमवात कुणाच्या डोक्यातून निघाला?" मी म्हणाले, आईच्या. ते म्हणाले, "हुशार आहेत."

मी त्यांची चूक सुधारली नाही. ते पुढे लिहीत होते. नवी गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, फक्त सोमवारी, लोक चुकून रोज घेतात आणि ते फार महागात पडतं, म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाचं लक्ष हवं. "घरी कुणाला माहीत आहे का हे सगळं?"

"आईला," मी म्हणाले.

"मग गुरुवारी त्यांना घेऊन या. दोघींना एकदमच समजावतो."

मी म्हणाले, आणते. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लिहूनही ठेवलं, सोबत आई.

परवा गुरुवार आहे. त्यांना काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. हे पत्र घडी करून कुठे ठेवायचं तेही ठरवलेलं नाही, टाकायची पेटी तर नाहीच. वर मी लिहिणार होते की 'आईला' हे माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं. तसं नाही. मी आधी आठवून पाहिलं, नीट, एकेक माणूस. मग तुझं नाव घेतलं. एचआयव्ही आहे हे सांगताना मला लाज वाटली नव्हती. 'कुणालाच नाही' असं म्हणायची वाटली.